स्टार्टरमधली काडी

त्या दुपारची आठवण मला आता रोज सकाळी होते, आणि ती करून देतो घरातला कॉम्प्युटर. बटण दाबलं की पडदा उजळतो आणि माझा हात माउसपर्यंत जायच्या आत पाच-सात प्रोग्राम आपापले सुरू होऊन बसतात. प्रिंटर भंगारात देऊन दोन वर्षं झाली, पण त्याचा प्रोग्राम रोज हजर. एक गाणी वाजवणारा, एक व्हिडिओवर बोलण्याचा, दोघे नुसते नवीन आवृत्ती आली का म्हणून डोकावणारे. कॉम्प्युटर फारच रखडायला लागला तेव्हा सुनेनं ती यादी उघडून दाखवली. "बाबा, हे सगळे आपोआप सुरू होतात. नको असतील ते एकेक करून बंद करा. व्हायरसवाला मात्र राहू द्या."

"यांना परवानगी कोणी दिली?" मी विचारलं. जुनी खोड, दुसरं काय!

"आपणच. काही नवीन टाकताना खाली एक खूण आधीच केलेली असते. आपण न वाचता पुढे पुढे करत जातो."

ती सहज बोलून कामाला लागली. मी त्या यादीसमोर बसून राहिलो. 'आपणच' हे उत्तर मी पन्नास वर्षांपूर्वी एका जबाबात ऐकलं होतं, आणि ते देणारा माणूस माझ्या टेबलासमोर उभ्या जागी आतून संपला होता. नावं कोणाचीच लिहीत नाही. गाव लहान होतं, माणसं ओळखता येतील.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्याच्या हाताखाली. मालेगाव आणि रिसोड यांच्या मधल्या पट्ट्यात एका लहान ठाण्याचा मी ठाणेदार होतो. वय सव्वीस, अंगात रग, आणि तपास म्हणजे आवाज चढवणं अशी माझी पक्की समजूत. माझे जमादार माझ्या वडिलांच्या वयाचे होते. ते आवाज कधीच चढवायचे नाहीत. मला तो त्यांचा मऊपणा वाटायचा.

त्या काळी खेड्यांत वीज नुकती रुळत होती. गव्हाला पाणी द्यायचं तर विहिरीवर मोटार आली, आणि मोटार चालवायला विहिरीजवळच्या खोपडीत, म्हणजे लहानशा झोपडीत, स्टार्टर आला. हिरवं बटण दाबलं की मोटार सुरू, लाल दाबलं की बंद. वीज गेली की स्टार्टर आपला सुटायचा आणि वीज आल्यावर कोणीतरी जाऊन हिरवं बटण पुन्हा दाबावं लागायचं. पण वीज येणार कधी, हे देवालाही ठाऊक नसायचं. वीज म्हणत नसत, 'लाइन' म्हणत. लाइन आली, लाइन गेली. शेत गावापासून कोसभर, तिथे दिवसभर बसून राहणार कोण? म्हणून लोकांनी युक्ती काढली होती. हिरवं बटण दाबून त्याच्या फटीत एक काडी खोचून ठेवायची. बटण दाबलेलंच राहतं, लाइन आली की मोटार आपली आपण सुरू होते. शंभरातल्या नव्वद खोपड्यांत ती काडी असे. तीत कोणाला काही गैर वाटत नव्हतं. मलाही नाही.

गैर वाटायचं ते एकालाच. पंचविशीचा एक तरुण वायरमन, बौद्ध घरातला, औद्योगिक शाळेतून कोर्स करून आलेला. आजूबाजूच्या दहा गावांत मोटारी दुरुस्त करायचा. बाप त्याच गावात एका मालकाकडे सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा. हा पोरगा ज्या खोपडीत जाईल तिथली काडी काढून फेकायचा आणि मालकाला चार शब्द सुनवायचा. "एक दिवस माणूस मरन याच्यापायी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोक हसायचे आणि तो गेला की नवीन काडी खोचायचे.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी पोलीस पाटलाचा निरोप आला की तो वायरमन विहिरीत मरून पडला आहे. विहीर त्याचा बाप जिथे सालगडी होता त्याच मालकाची. पंचनाम्याला मी आणि जमादार गेलो. मोटार विहिरीच्या आत, पाण्याच्या थोडी वर, दगडी ओट्यावर बसवलेली होती. हा तिच्यावर वाकून काम करत असताना लाइन आली, मोटार सुरू झाली, गळ्यातला दुपट्टा तिच्यात ओढला गेला. त्यापुढचं लिहीत नाही. वर खोपडीत स्टार्टरच्या हिरव्या बटणात काडी होती. मेन स्विच केव्हाचा जळून गेला होता आणि तारा थेट जोडलेल्या होत्या. म्हणजे ती मोटार थांबवून ठेवायला ती काडी काढून टाकण्याशिवाय दुसरा उपायच नव्हता.

मी मर्ग दाखल केला, अपघाती मृत्यू म्हणून. जमादारांनी ती काडी कागदात गुंडाळून मुद्देमालात घेतली. मी म्हणालो, "काडी कशाला घेता? उद्या खोपडीच घेऊन याल." त्यांनी पुडीवर चिठ्ठी लावली आणि सही घेतली.

तिसऱ्या दिवशी माझा खबऱ्या आला. तो बांगड्या विकायचा. बायकांच्या हातांत बांगड्या भरता भरता गावोगावची बित्तंबातमी त्याच्या कानी पडायची. टोपली खाली ठेवून म्हणाला, "साहेब, तुमी मर्ग लिहून मोकये झाले, पण गावात बाया येगळंच बोलून राह्यल्या. तो पोट्टा काडी काढल्याबिगर विहिरीत पाय टाकत नव्हता. मंग काडी लागली कशी? कोनं लावली?"

प्रश्न सरळ होता आणि मला पडायला हवा होता. मी विचारलं, "कोणावर संशय?"

"त्या विहिरीत वाटा असलेला शेजारी. केनवडच्या बाजारात चारचौघात बोलला व्हता त्याले, का पुन्हा माह्या काडीले हात लावला तं तुलेच विहिरीत घालीन. महिना नाही झाला साहेब."

बाजारात तीन साक्षीदार मिळाले. तिघांनीही धमकी ऐकलेली. मी कलम बदललं, शेजाऱ्याला उचललं आणि वाशीमच्या कोर्टातून चार दिवसांची कोठडी घेतली. मरणाऱ्याचा बाप ठाण्यात आला, जयभीम घालून उभा राहिला. पन्नाशीचा, काटक, हात कामानं काळे पडलेले. म्हणाला, "साहेब, माह्या लेकराले न्याय भेटला पायजे. बाकी मले काई नको." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की सोडणार नाही. अशी वचनं द्यायला त्या वयात काहीच लागत नाही.

शेजाऱ्याची चौकशी मी स्वतः केली. कशी केली ते सगळ्यांना माहीत असतं, लिहिलं म्हणून ते चांगलं होत नाही. त्याची बायको ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली दोन दिवस बसून होती, डबा आणायची आणि तसाच परत न्यायची. पहिला दिवस तो एकच धोशा लावून होता, "म्या नाई लावली. त्या दिवशी म्या त्या वावरात पायच टाकला नाई." दुसऱ्या दुपारी त्याचा सूर बदलला. म्हणाला, "लिहून घ्या साहेब. म्याच लावली."

मला केवढा आनंद झाला! त्या आनंदाची मला आजही शरम वाटते. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे मलाही ठाऊक होतं, पण एकदा माणूस फुटला की पुरावा मागून चालत येतो असं मी धरून चालायचो. मी कागद ओढला. तेव्हा दारात उभे असलेले जमादार आत आले आणि शेजाऱ्याशेजारी खाली बसले. विचारलं, "काडी कायची लावली गा?"

"आगपेटीची."

"जयलेली का कोरी?"

"जयलेली."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुद्देमालाच्या पेटीतून कागदाची पुडी आणून टेबलावर उलगडली. आत बोटभर लांबीची तुरीची काडी होती, चाकूनं गुळगुळीत सोललेली, एक टोक चपटं केलेलं. आगपेटीच्या काडीशी तिचा काही संबंध नव्हता. "साहेब, यानं ही काडी पाह्यलीच नाई," ते हळूच म्हणाले. "तुमी जे म्हणान ते हा बोलून राह्यला."

तपासात माणसं दोन कारणांनी कबूल होतात. एक, त्यांनी केलेलं असतं. दुसरं, त्यांना आता घरी जायचं असतं. हे मला कोणत्या पुस्तकानं नाही, त्या काडीनं शिकवलं. मी रागानं विचारलं, "मग लावली कोणी?" जमादार म्हणाले, "ज्यानं सोलली त्याले विचारू. येवढी नीट काडी कोनी घाईत नाई करत. हे रोजच्या कामाची हाय."

रोजच्या कामाची म्हणजे मालकाची किंवा सालगड्याची. मालक त्या दिवशी लग्नासाठी कारंज्याला गेलेला होता, त्याचे साक्षीदार होते. राहिला बाप. मरणाऱ्याच्या बापावर संशय घेणं माझ्या मनातही नव्हतं. त्याला मी बोलावलं ते फक्त काडी ओळखायला, तेही फिर्यादी म्हणून. आता वाटतं, त्याच क्षणी थांबायला हवं होतं. पण कोठडीत एक निरपराध माणूस होता आणि त्याची बायको बाहेर झाडाखाली. थांबणार कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास बाप आला. मी पुडी पुढे सरकवली. त्यानं काडी उचलली, उजेडात धरली आणि क्षणभरही न थांबता म्हणाला, "हे तं माहीच काडी हाय साहेब. म्याच सोलली. आगपेटीची मोडते, हे टिकते."

"त्या दिवशी सकाळी तूच लावली होतीस?"

"हो जी. रोज लावतो. मालकाचा हुकूमच हाय, येता-जाता काडी पाहून घेत जा."

"नंतर कोणी काढली?"

"माह्या पोट्ट्यानं काढली असन. तो काढेच. मंग त्या शेजाऱ्यानं..." तो बोलता बोलता थांबला.

जमादारांनी अगदी सावकाश विचारलं, "सकाळनंतर तुमी खोपडीत गेलते काय?"

"गेलतो. पाणी प्याले. माठ तठीच राह्यते." तो काडीकडे पाहत होता. "काडी खाली पडेल व्हती. धुयीत. म्हटलं पडली वाटते. उचलली, पुसली अन् लावली."

"केव्हा?"

केव्हा, ते तपासात आलेल्या बाकीच्या गोष्टींनीच सांगितलं. पोरानं बापाला 'उद्या येतो' असं सांगितलं होतं. दुसरीकडचं काम रद्द झालं म्हणून तो एक दिवस आधीच आला. सायकल बांधापलीकडे बाभळीखाली लावली, काडी काढून खाली टाकली आणि विहिरीत उतरला. लाइन नव्हतीच. बाप शेताच्या दुसऱ्या टोकाहून पाणी प्यायला आला. विहिरीत कोणी आहे हे त्याला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पडलेली काडी त्यानं जागच्या जागी ठेवली, जशी कोणीही वाटेतली चप्पल सरळ करून ठेवतो, आणि गव्हाकडे परत गेला. अर्ध्या तासानं लाइन आली.

"साहेब," तो म्हणाला, "पाटात पाणी आलं व्हतं. म्या दिस बुडेलोक गव्हाले पाणी देल्लं. खुश व्हतो, लाइन टिकली म्हणून." त्यानं काडी टेबलावर जिथून उचलली होती तिथेच ठेवली. "म्हंजे आपूनच, नाई का साहेब?"

मी आयुष्यात बरेच गुन्हेगार फुटताना पाहिले. असा माणूस फुटताना पुन्हा पाहिला नाही. तो रडला नाही, ओरडला नाही. खाली बसला आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. पाच दिवस गावभर 'काडी कोणी लावली' हेच चाललं होतं, तोही तेच विचारत फिरत होता, आणि त्याला एकदाही आठवलं नव्हतं. का आठवावं? श्वास घेतल्याची आठवण कोण ठेवतं! मला वाटतं, मी विचारलं नसतं तर ते त्याला कधीच आठवलं नसतं आणि तो शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडत सुखानं म्हातारा झाला असता. सुखानं हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सापडत नाही.

जबाब लिहिणं भाग होतं. तो लिहिला नसता तर शेजारी सुटत नव्हता. तो जमादारांनी लिहिला. अंगठा देताना बाप एवढंच म्हणाला, "त्याच्या मायले सांगू नका." नाही सांगणार, असं मी म्हणालो. पण शेजाऱ्याला सोडलं, त्याच संध्याकाळी गावात कारण पोचलं. खेड्यात कागदाला पाय असतात.

शेजारी सुटून जाताना माझ्याकडे पाहत नव्हता. पायरीवर थांबून म्हणाला, "साहेब, एक सांगतो. शेवटी शेवटी मलेच वाटून राह्यलं व्हतं का म्याच लावली असन. आपल्याही खोपडीत काडी हायेच ना." त्याची मी माफी मागितली नाही. ठाणेदारानं माफी मागायची रीत नव्हती. आज मागितली असती, पण तो आता नाही.

मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करावा असं मी वर लिहून पाठवलं. मेन स्विच नव्हता, काडीचा हुकूम त्याचा होता. उत्तर आलं की पुरावा अपुरा आहे आणि काडी लावणं ही सर्वत्र प्रचलित पद्धत आहे. प्रचलित पद्धत! तो शब्द वाचून मी फाइल आपटली. पण खरं तर उत्तर चूक नव्हतं. सगळ्यांनीच लावलेली काडी कोणा एकाची कशी ठरवायची?

दोन-तीन आठवड्यांनी त्या पोराची आई ठाण्यात आली. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. बस म्हटलं तरी बसली नाही. "साहेब, तो जेवत नाई," ती म्हणाली. "कामावर जात नाई. नुसता हाताकडे पाहून राह्यते. तुमी येक काम करा. तुमी त्याले सांगा का तपासात चूक झाली, काडी दुसऱ्याची व्हती. तुमी पोलीस हा. तुमचं तो आयकन."

"बाई, तुम्हाला माहीत आहे ना खरं काय ते?"

"मले ठाव हाय. येक गेला. दुसरा तरी राहू द्या."

नोकरीत मी खोट्या साक्षी पकडल्या, खोटी साक्ष देण्याची विनंती मला पहिल्यांदाच कोणी केली, आणि ती मी मान्य केली. दुसऱ्या दिवशी गणवेश न घालता त्यांच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी खिळ्याला पोराची हत्याराची पिशवी. तोवर मी गावातल्या सगळ्यांना अरे-तुरे करायचो. त्या दिवशी आपोआप 'तुम्ही' आलं. मी म्हणालो, "बाबा, कागद पुन्हा तपासले. मुद्देमालाची अदलाबदल झाली होती. स्टार्टरमध्ये होती ती काडी तुमची नव्हती. तुम्ही लावली ती आधीच कोणी काढली होती."

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बायको चुलीपाशी उभी होती. मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "साहेब, तुमी लय चांगले हा. पण माह्या हातानं सोललेली काडी म्या वयखतो."

मी उठलो. बायको दारापर्यंत पोचवायला आली. पावसाळ्याआधी नवरा-बायको गाव सोडून मानोऱ्याकडे तिच्या भावाकडे गेले. वर्षभरात तो वारल्याचं कळलं. आजार काही नव्हता म्हणे.

माझी बदली झाली तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून मी त्या विहिरीवर गेलो. मनात आशा होती, कसली ते नक्की सांगता येत नाही. खोपडीत गेलो. मेन स्विच अजून नव्हताच. हिरव्या बटणात काडी होती, आगपेटीची. मी ती काढून खाली टाकली आणि जीपकडे वळलो. तेवढ्यात मालकाचा नवा सालगडी पाणी प्यायला आला, रामराम केला. खाली वाकला. "पडली वाटते," म्हणाला आणि काडी फुंकून परत खोचली.

मी त्याला थांबवून सगळं सांगितलं. याच विहिरीत, याच स्टार्टरमुळे, एका बापाच्या हातून. त्यानं मान हलवली. "ठाव हाय साहेब. लय वाईट झालं त्याचं." हे बोलता बोलता त्याचा अंगठा बटणावर होता, काडी पक्की बसली का पाहत.

या प्रकरणानं काय शिकवलं असं लोक विचारतात. फार काही नाही. गुन्हेगार सापडला तर माणूस शिक्षा देऊन मोकळा होतो. इथे शोधत गेलो आणि सापडली ती एक सवय, आणि सवयीला बेडी घालता येत नाही. एवढं मात्र करतो की कॉम्प्युटर सुरू केला की आधी ती यादी उघडतो. कोण आपोआप सुरू झालं, कोणाच्या सांगण्यावरून, आज त्याची गरज आहे का, एकेकाला विचारतो. नको तो बंद करतो. प्रिंटरवाला मी तीन वेळा बंद केला आणि दर नव्या आवृत्तीनंतर तो पुन्हा चालू होऊन बसलेला दिसतो.

परवा सून म्हणाली, "बाबा, एखादा राहिला सुरू तर काय बिघडतं?" तिचं बरोबर आहे. या डब्यात कोणी उतरलेलं नसतं. तरी यादी पाहिल्याशिवाय माझ्याच्यानं चहाचा कप उचलवत नाही.